कॉर्नियात शिरलेल्या रक्तवाहिन्या थेंबांनी जातात का?

प्रश्न असा आहे. आईंचे वय 58. उजव्या डोळ्यातला हर्पीस, म्हणजे त्या नावाच्या विषाणूचा संसर्ग, गेल्या काही वर्षांत तीनदा उलटला. आता कॉर्नियावर धूसर डाग आहे आणि खालच्या बाजूने त्यात रक्तवाहिन्या शिरल्या आहेत. एका डॉक्टरांनी स्टिरॉइडचे थेंब दिले, दुसऱ्यांनी वाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेवासिझुमॅबचे थेंब सुचवले. या थेंबांनी वाहिन्या जातील का, स्टिरॉइड किती दिवस घालायचे, आणि शेवटी कॉर्निया बदलावाच लागणार का?

सरळ उत्तर आधी देतो. वाहिन्या नव्या असतील आणि त्यांना बोलावणारे कारण आटोक्यात आले असेल, तर थेंबांनी त्या बारीक होतात, काही पूर्ण रिकाम्या पडतात, आणि पुष्कळ रुग्णांचे तेवढ्यावर भागते. जुन्या, जाड झालेल्या वाहिन्या थेंबांनी जात नाहीत, मग थेंब कितीही महागाचा असो. म्हणून कोणता थेंब घालायचा हे मी नंतर ठरवतो. आधी बघतो ते त्या वाहिन्यांचे वय आणि त्या कशासाठी आल्या ते. आईंचा डोळा मी तपासलेला नाही, त्यामुळे पुढचे सगळे त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने लिहितो आहे.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच. मधोमध तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. शरीरातल्या बहुतेक जिवंत भागांना रक्त लागते, याला मात्र रक्तवाहिनी नाही. प्राणवायू मुख्यतः हवेतून अश्रूंच्या थरामार्गे येतो, साखर आणि बाकीचे पोषण आतल्या पाण्यातून. रक्तवाहिन्या पांढऱ्या भागाच्या कडेपर्यंत, म्हणजे लिंबसपर्यंत येऊन थांबतात. त्या आपोआप थांबत नाहीत, त्यांना थांबवून धरलेले असते. वाहिन्या वाढवणारा मुख्य रेणू व्हीईजीएफ. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की कॉर्निया स्वतःच एक विरघळणारा रिसेप्टर तयार करतो आणि तो या व्हीईजीएफला वरच्या वर पकडून निकामी करतो. मॅनॅटी नावाच्या, पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याच्या कॉर्नियात हा रिसेप्टर नसतो, आणि त्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या असतात. निसर्गानेच करून ठेवलेला इतका नेमका प्रयोग वैद्यकात क्वचित सापडतो. याखेरीज लिंबसमधल्या मूळपेशी बांधासारख्या उभ्या असतात. त्या जळाल्या किंवा संपल्या, की पांढऱ्या भागाची त्वचा वाहिन्यांसकट आत सरकते.

हा तोल कशाने ढळतो? जंतुसंसर्गाने, हर्पीसने, चुना किंवा ॲसिड डोळ्यात उडाल्याने, खुपरीने, पापण्यांच्या कडांच्या जुनाट दाहाने, सैल झालेल्या टाक्याने. कॉन्टॅक्ट लेन्स रात्रंदिवस घालणाऱ्यांमध्ये प्राणवायू कमी पडून कडेने बारीक वाहिन्या येतात. तिथे उपचाराचा मोठा भाग लेन्स बंद करणे किंवा प्राणवायू जास्त जाऊ देणारी सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स दिवसापुरतीच वापरणे हाच असतो. वडस ही थोडी वेगळी गोष्ट. तिथे वाहिन्यांसकट मांसल पडदा वर चढतो आणि तो थेंबांनी उतरत नाही.

हर्पीसमध्ये काय होते ते थोडे तपशिलात सांगतो, कारण आईंचा प्रश्न तिथला आहे. विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो आणि अधूनमधून कॉर्नियात येतो. वरच्या थरात आला तर फांद्यांसारखा व्रण दिसतो. तो विषाणूचा थेट हल्ला असतो आणि विषाणूविरोधी औषधाने भरतो. मधल्या जाड थरात, म्हणजे स्ट्रोमात, गोष्ट वेगळी. तिथे विषाणूच्या उरल्यासुरल्या अंशांवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती तुटून पडते. पांढऱ्या पेशी येतात, त्या व्हीईजीएफ सोडतात, त्या हाकेला ओ देऊन वाहिन्या येतात, आणि वाहिन्यांतून आणखी पांढऱ्या पेशी येतात. हे चक्र प्रत्येक उलटण्याबरोबर एक पाऊल पुढे जाते. डाग वाढतो, वाहिनी मध्याकडे सरकते. अशा डोळ्यात वाहिन्यांवर औषध घालत राहायचे आणि हर्पीस उलटू द्यायचा, हे निरर्थक आहे.

या चक्रावरचा सगळ्यात जुना, आणि माझ्या मते अजूनही पहिला, उपाय म्हणजे स्टिरॉइडचे थेंब. कॉर्टिसोनने सशाच्या कॉर्नियात वाहिन्यांची वाढ रोखली जाते हे 1950 मध्येच दाखवले गेले होते. स्टिरॉइड दाह शमवतो, पांढऱ्या पेशींचे येणे कमी करतो, आणि त्यामुळे व्हीईजीएफचा पुरवठाच आटतो. प्रेडनिसोलोन ॲसिटेट 1 टक्का आणि डेक्सामेथासोन 0.1 टक्का हे जोरदार. फ्लुओरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल सौम्य, डोळ्याचा दाब तुलनेने कमी वाढवणारे. माझी पद्धत अशी: दाह उघड दिसत असेल तर जोरदार थेंबाने सुरुवात, आणि आठवड्याआठवड्याने कमी करत सौम्य थेंबावर उतरणे. अर्धवट जोराने सुरू करून महिनोन्महिने रेंगाळत ठेवण्यापेक्षा हे बरे.

हर्पीसच्या डोळ्यात स्टिरॉइड घालायला लोक घाबरतात, आणि ती भीती अर्धी बरोबर आहे. वरच्या थरात फांद्यांचा जिवंत व्रण असताना नुसता स्टिरॉइड घातला तर व्रण नकाशासारखा पसरतो. पण स्ट्रोमातल्या दाहात, विषाणूविरोधी औषधाच्या आडोशाने, स्टिरॉइड हाच खरा उपचार आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, विषाणूविरोधी थेंब दोन्ही गटांना देऊन एका गटाला दहा आठवडे उतरत्या क्रमाने प्रेडनिसोलोन दिले. त्या गटात दाह टिकून राहण्याचा किंवा वाढण्याचा धोका 68 टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा आईंच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड दिला यात वावगे काही नाही. त्याच्या जोडीला असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविरची गोळी चालू आहे ना, एवढे मात्र आज बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा.

ही गोळी वाहिन्यांवर काम करत नाही, तरीही मी तिला या सगळ्या उपचारातले सर्वांत महत्त्वाचे औषध मानतो. त्याच अभ्यासगटाने 1998 साली 703 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. असायक्लोविर 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर. गोळी घेणाऱ्यांपैकी 19 टक्क्यांना डोळ्यातला हर्पीस पुन्हा झाला, न घेणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांना. तीनदा उलटलेल्या डोळ्यात हा फरक फार मोठा आहे. आणखी एक वेळ उलटणे टळले तर वाहिन्यांची पुढची पायरीच टळते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलावी लागते, तेवढे डॉक्टरांना सांगा.

किती दिवस, याचे एकच उत्तर नाही. काही आठवडे ते काही महिने. काही डोळ्यांना दिवसाआड एक सौम्य थेंब वर्षानुवर्षे लागतो आणि तो बंद केला की दाह परततो. स्वतःहून बंद करणे ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. डोळा पांढरा दिसला, थेंब संपला, नवा आणला नाही, आणि तीन आठवड्यांनी लाल डोळा घेऊन परत. थेंब एकदम तोडला की दाबून ठेवलेला दाह दुप्पट जोराने उसळतो. उलट टोकाची चूक म्हणजे जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तोच थेंब महिनोन्महिने आणत राहणे. स्टिरॉइडने साधारण तिनातल्या एकाचा डोळ्याचा दाब थोडाफार वाढतो आणि थोड्या जणांचा तो खूपच वाढतो. हे बहुधा दोन ते सहा आठवड्यांत दिसू लागते आणि रुग्णाला काहीही जाणवत नाही. त्यातून होणारा काचबिंदू दृष्टी कायमची घेऊन जातो. शिवाय भिंगाच्या मागच्या बाजूने मोतीबिंदू धरतो. त्यामुळे थेंब चालू आहे तोपर्यंत ठरावीक अंतराने दाब मोजणे हा उपचाराचाच भाग आहे. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते आधीच सांगून ठेवा.

आता बेवासिझुमॅब. हे व्हीईजीएफला धरून निकामी करणारे प्रतिपिंड. 2004 साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे डोळ्याच्या डॉक्टरांनी ते पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, आजारांसाठी इंजेक्शनने वापरायला सुरुवात केली आणि तिथून ते कॉर्नियाकडे आले. कंपनीने कॉर्नियासाठी बनवलेला असा थेंब नाही. 25 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची शिरेतून द्यायची कुपी असते, तीच तशी किंवा पातळ करून थेंब म्हणून वापरतात. बहुधा 0.5 ते 2.5 टक्के. म्हणजे हा नोंदणीबाहेरचा वापर आहे. तसा वापर वैद्यकात सर्रास होतो आणि त्यात गैर काही नाही, पण तो रुग्णाला सांगून व्हायला हवा.

त्याचा उपयोग होतो का? होतो, पण किती आणि कसा हे नीट समजून घ्या, नाहीतर निराशा पदरी येते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 10 डोळ्यांना 1 टक्क्याचे थेंब तीन आठवडे दिले आणि पुढे 24 आठवड्यांपर्यंत पाहिले. वाहिन्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ सरासरी निम्म्याच्या आसपास घटले, त्यांची जाडीही कमी झाली. पण वाहिन्या कॉर्नियाच्या जेवढ्या भागात पसरल्या होत्या, तो भाग फारसा आक्रसला नाही. याचा अर्थ वाहिन्या बारीक झाल्या, मागे सरकल्या नाहीत. माझ्याही रुग्णांत मी हेच बघतो. दोन-तीन आठवड्यांत डोळा फिका पडतो, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, जाड लाल वाहिनी दोऱ्यासारखी दिसू लागते. घरच्यांना वाटते काम झाले. मला वाटते, आता कुठे वेळ मिळाला आहे, मूळ कारण पकडायला.

असे का होते? नवी वाहिनी म्हणजे एका पेशीच्या जाडीची कच्ची नळी. ती जिवंत राहायला तिला सतत व्हीईजीएफ लागते. काही आठवड्यांत तिच्याभोवती पेरिसाइट नावाच्या आधारपेशी येऊन गुंडाळतात आणि मग तिला व्हीईजीएफची तेवढी गरज उरत नाही. बेवासिझुमॅब पहिल्या प्रकारच्या वाहिनीला उपाशी मारते, दुसरीला फारसे काही करत नाही. म्हणूनच मी वयाचा एवढा आग्रह धरतो. वय स्लिट लॅम्पखाली बऱ्यापैकी ओळखता येते. टोकाशी झाडाच्या शेंड्यासारखी बारीक फुटवण, लालभडक रंग, आजूबाजूला सूज आणि धूसरपणा, ही चालू वाहिनी. सरळ, ठळक, कमी फाटे असलेली आणि आजूबाजूचा भाग शांत, ही पिकलेली. आणि जिच्यात रक्तच नाही, नुसती राखाडी रेघ उरली आहे, ती भूतवाहिनी. पाणी तोडलेल्या पाटासारखी ती असते. वाट कायम राहते आणि दाह परतला की काही दिवसांतच तिच्यातून पुन्हा रक्त वाहू लागते. म्हणून भूतवाहिन्या असलेला डोळा बरा झाला असे मी म्हणत नाही, शांत आहे म्हणतो.

दुसरी अडचण औषध पोचण्याची. बेवासिझुमॅबचा रेणू सुमारे 149 किलोडाल्टनचा (हे रेणूचे वजन मोजायचे एकक), म्हणजे थेंबाने द्यायच्या मानाने अवाढव्य. कॉर्नियाचा वरचा थर धड असेल तर तो सहजी आत जात नाही. दाह झालेल्या, वाहिन्या असलेल्या कॉर्नियात हा थर तितका घट्ट नसतो म्हणून थोडेफार आत शिरते. रॅनिबिझुमॅब हा लहान तुकडा, 48 किलोडाल्टनचा. कागदावर तो सरस वाटतो, आणि त्याचेही 1 टक्क्याचे थेंब वापरून पाहिले गेले आहेत. पण खर्चाच्या मानाने फरक मोठा आहे असे मला वाटलेले नाही. वाहिन्या खोल असतील तर मी थेंबांवर विसंबत नाही. पांढऱ्या भागाच्या पातळ त्वचेखाली, वाहिनी आत शिरते त्या जागेजवळ, इंजेक्शन देतो.

तिसरी गोष्ट हर्पीसच्या रुग्णांना खास सांगावी लागते. व्हीईजीएफ हा निव्वळ खलनायक नाही. कॉर्नियाच्या मज्जातंतूंची वाढ आणि वरच्या थराची डागडुजी यांतही त्याचा हात असतो. हर्पीसने आधीच कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असते. अशा बधिर कॉर्नियावर हे थेंब महिना-दोन महिने घातले तर वरचा थर सोलवटू शकतो आणि खालचा थर पातळ होऊ शकतो. एक-सव्वा टक्क्याच्या थेंबांनीही, विशेषतः दुसऱ्या महिन्यात, असे झाल्याचे नोंदलेले आहे. म्हणून सुरू करण्यापूर्वी कापसाच्या धाग्याने दोन्ही डोळ्यांची संवेदना पाहायची, फ्लुओरेसिनचा रंग टाकून वरचा थर धड आहे का ते बघायचे, आणि मुदत ठरवूनच द्यायचे. मी तीन-चार आठवडे देऊन थांबतो आणि फोटो काढून तुलना करतो. आईंच्या डॉक्टरांनी ही संवेदना तपासली आहे का, हे जरूर विचारा. डोळ्यात टोचणे कमी आहे, लालसर असूनही दुखत नाही, असे आई म्हणत असतील तर ते चांगले लक्षण समजू नका.

थेंबातून रक्तात जाणारे प्रमाण फार थोडे. तरीही नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर, आणि गर्भारपणात, मी हे टाळतो. कुपीतून थेंबांची बाटली भरताना निर्जंतुकता पाळली गेली पाहिजे. त्यात टिकवण्यासाठीचे रसायन नसते, त्यामुळे 2 ते 8 अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवायची, गोठवायची नाही, आणि दिलेली तारीख उलटली की उरलेले औषध कितीही असले तरी टाकून द्यायचे. कुठे आणि कुणी भरली, हे विचारण्यात संकोच करू नका.

आणखी कोणते थेंब आहेत? सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस वाहिन्यांवर थेट फार काही करत नाहीत, पण स्टिरॉइड कमी करताना दाह धरून ठेवायला, विशेषतः ॲलर्जीच्या डोळ्यात आणि रोपणानंतर, उपयोगी पडतात. ॲगानिर्सेन नावाच्या थेंबाकडून एके काळी मोठी आशा होती. वाहिन्यांच्या वाढीला लागणारे आयआरएस-1 हे प्रथिन बनूच न देणारा तो रेणू. 69 रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, दिवसातून दोनदा 90 दिवस थेंब घातल्यावर वाहिन्यांचे क्षेत्रफळ नकली थेंबाच्या तुलनेत सुमारे 26 टक्क्यांनी कमी भरले. दृष्टीत मात्र फरक पडला नाही. रोजच्या उपचारात तो आलेला नाही. दाहशामक बिगर-स्टिरॉइड थेंब, डायक्लोफेनॅकसारखे, या कामासाठी मी टाळतो. वरचा थर कमकुवत असलेल्या डोळ्यात त्यांनी कॉर्निया विरघळल्याची उदाहरणे आहेत, आणि हर्पीसचा डोळा नेमका तसाच असतो.

डोळा पांढरा करणाऱ्या, नॅफाझोलिनसारख्या थेंबांविषयी वेगळे सांगतो, कारण लाल डोळ्याचे नातेवाईक ते हमखास आणतात. ते पांढऱ्या भागावरच्या वाहिन्या काही तासांपुरत्या आवळतात. कॉर्नियातल्या वाढीवर परिणाम शून्य, उतार पडला की लाली आधीपेक्षा जास्त, आणि मुख्य म्हणजे दाह परत आल्याची लाल खूण झाकली जाते. घरात असतील तर आईंच्या हाती लागू देऊ नका.

थेंब घालण्याची रीत क्षुल्लक वाटते, पण अर्धे अपयश तिथे असते. पापणीच्या खोबणीत मावते साधारण 30 मायक्रोलिटर. एक थेंबच तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. दोन घातले तर दुसरा गालावर. दोन वेगवेगळ्या थेंबांत निदान पाच मिनिटांचे अंतर हवे, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे बोटाने दाबून ठेवावा. प्रेडनिसोलोन ॲसिटेट पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर पहिले पंधरा दिवस नुसते पाणी आणि शेवटी गाढे औषध जाते. मलम सगळ्यात शेवटी. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील आणि ते बराच काळ चालणार असतील, तर औषध टिकवण्यासाठी घातलेले बेन्झाल्कोनियम नसलेले मिळतात का पाहा. हे रसायन वरच्या थराला त्रास देते.

उपचार चालतो आहे की नाही हे आरशात बघून ठरवू नका. मी दर भेटीत एकाच प्रकाशात, एकाच मोठेपणात फोटो घेतो आणि वाहिनीचे टोक कडेपासून किती मिलिमीटर आत आहे, घड्याळाच्या तबकडीवरच्या किती तासांएवढा घेर व्यापला आहे, ते लिहून ठेवतो. वाहिनीशेजारी पिवळसर पांढरा, पंख्यासारख्या कडांचा थर दिसू लागला तर ती गळणाऱ्या वाहिनीतून साचलेली चरबी असते. तो मध्याकडे निघाला तर थेंबांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्या वाहिनीला सुईच्या टोकाने विद्युतदहन करून बंद करणे आणि वर बेवासिझुमॅबचे इंजेक्शन देणे, ही जोडी पिकलेल्या वाहिन्यांवर थेंबांपेक्षा कितीतरी भरवशाची. गळती थांबली की चरबीचा थर काही महिन्यांत थोडाफार विरतोही. मूळपेशीच संपल्या असतील, भाजलेल्या डोळ्यात हे होते, तर मूळपेशींचे रोपण लागते आणि थेंबांचे काम फक्त तोपर्यंत डोळा शांत ठेवण्याचे.

आणि कॉर्निया बदलण्याचा प्रश्न. वाहिन्या असलेल्या कॉर्नियात रोपण नाकारले जाण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. दोन किंवा अधिक चतुर्थांशांत खोल वाहिन्या असतील तर आम्ही तो डोळा उच्च जोखमीचा धरतो. याचे कारण रक्तवाहिन्यांइतकेच त्यांच्याबरोबर गुपचूप वाढणाऱ्या लसीकावाहिन्या, म्हणजे रक्ताऐवजी लसीका (लिम्फ) वाहून नेणाऱ्या नळ्या. त्या साध्या तपासणीत दिसत नाहीत, पण परक्या कॉर्नियाची खबर लसीकाग्रंथीपर्यंत त्याच नेतात. म्हणून रोपण पुढे करायचेच असेल तरी आजचे थेंब वाया जात नाहीत. वाहिन्या जितक्या कमी आणि रिकाम्या, तितका नवा कॉर्निया टिकण्याची शक्यता जास्त. हर्पीसच्या डोळ्यात मी किमान सहा महिने, जमल्यास वर्षभर, पूर्ण शांतता पाहिल्याशिवाय रोपणाची तारीख देत नाही. डाग वरच्या थरांपुरता असेल आणि आतला पेशीथर निरोगी असेल तर पूर्ण जाडीऐवजी पुढचे थर तेवढे बदलता येतात, आणि त्या पेशीथराच्या नकाराची काळजीच मिटते.

पण त्याआधी एक गोष्ट करून घ्या. हर्पीसच्या डागात दृष्टी कमी होण्याचे मोठे कारण पुष्कळदा धूसरपणा नसून पृष्ठभागाचा ओबडधोबडपणा असतो. कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून वाचन तपासले तर कधीकधी चार-पाच ओळी जास्त वाचता येतात. तसे झाले तर रोपणाची घाई नाही. अशी लेन्स मात्र डोळा शांत असताना, संवेदना पाहून, प्राणवायू भरपूर जाऊ देणाऱ्या प्रकारातली आणि दिवसातले ठरावीक तासच वापरायची. पुढच्या भेटीत ही चाचणी, डोळ्याचा दाब, संवेदनेची तपासणी आणि आजचा एक फोटो, एवढे मागून घ्या. बेवासिझुमॅब सुरू करायचे की नाही ते त्या फोटोत वाहिनीच्या टोकाशी फुटवण दिसते का, आणि वरचा थर धड आहे का, यावर ठरू द्या. आणि मध्येच डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा एकाएकी अंधुक दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, थेंब स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका.